पाट्यावरची धार

आमच्या गौतमीच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर बारीक बारीक रेघा असतात. चहाचा कप पुढे करताना कुणाच्या तरी नजरेला त्या पडतात आणि प्रश्न येतोच, "काय गं, काय लागलं?" ती म्हणते, "लागलं नाही, बघितलं." म्हणजे धार बघितली. पातं नखावर हलकंच टेकवायचं. घसरलं तर धार नाही, जागच्या जागी चिकटून राहिलं तर आहे. आता ती हे इतक्या सहज करते की बोलता बोलता नख आणि पातं एकमेकांना कधी भेटले ते आपल्याला कळतही नाही. पण हे तिला माहेरहून आलेलं नाही. आमच्या घरात येऊन, घराचा एक नियम मोडून, ती ते शिकली.

गौतमी माझी धाकटी जाऊ. माहेर निमोण्याचं. शिरूरला कॉलेजात होती तेव्हा तिथल्या एका छापखान्यात पुस्तकांच्या छापील फॉर्मांना घड्या घालायला जायची, तिथेच पुस्तक शिवायला शिकली. सतीशभाऊंशी लग्न होऊन दौंडला आली ती शिकंजा घेऊनच. शिकंजा म्हणजे पुस्तकं दाबून धरायचं लाकडी, मोठ्या स्क्रूचं यंत्र. टेम्पोतून ते उतरवताना गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "लोकांच्या सुना फ्रिज आणतात, तुमच्या घरात रसाचं गुऱ्हाळ आलं बाई." पुढच्या खोलीत खिडकीखाली तो शिकंजा बसला आणि त्याच्याभोवती गौतमीचं काम. कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट, वकिलांच्या फायली, शाळेच्या वाचनालयातली पानं सुटलेली पुस्तकं. रात्री भाऊ कुरकुंभच्या कंपनीतून आले की आधी दारातले पुठ्ठे बाजूला करायचे, मग बूट काढायचे.

ते बूट कापडी. आमच्या घरात चामडं येत नाही. पट्टे रेक्झिनचे, पाकिटं कापडाची, चपला प्लास्टिकच्या. माझ्या लग्नात माझ्या भावानं ह्यांना चामड्याचं पाकीट दिलं होतं, ते आजही वरवंडला माझ्या आईच्या कपाटात आहे. हा नियम आमच्या सासऱ्यांचा, म्हाळूआबांचा. आबा रेल्वेत गँगमन होते. रेल्वेनं दिलेले बूट ते कामावर घालायचे, पण घरी येताना फाटकाबाहेर पत्र्याच्या डब्यात ठेवून मगच अंगणात पाय टाकायचे. का, ते कुणी कधी विचारलं नाही. आम्हा सगळ्यांना ठाऊकच होतं की आपल्या माणसांनी गावकीचं ते काम, मेलेली जनावरं ओढायचं, कातडी सोलायचं, ठरवून सोडलं. आबांनी ते जरा जास्त मनावर घेतलंय, एवढंच आम्ही समजायचो.

आबांची शाळा चौथीपर्यंतची. पण नोकरीला लागल्यावर त्यांनी स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून एक जाडजूड मराठी शब्दकोश घेतला आणि तेव्हापासून सकाळचा पेपर ते कोश मांडीवर घेऊनच वाचतात. नवा शब्द दिसला की तो कोशात काढायचा, पेन्सिलीनं टिंब करायचं आणि जेवताना आम्हाला विचारायचं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, त्यामुळे पहिला प्रश्न माझ्या ताटात.

"थोरले, 'अनुस्यूत' म्हंजी काय?"

"आबा, आधी भाजी वाढू का?"

"म्हंजी येत न्हाई. वाढ भाजी."

आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, गेल्या तेव्हा आबा बरेच दिवस बोलतच नव्हते. परत बोलायला लागले ते जेवताना विचारलेल्या एका शब्दानंच. म्हणून त्या कोशाला आम्ही सगळेच जपतो.

पण कोशाची पाठ काही टिकत नव्हती. गौतमीनं ती कापडानं बांधून दिली, की वजनानं सांध्यातून फाटायची. शिवाय पुस्तक उघडं राहायचं नाही, हात काढला की मिटायचं. मग आबा पानावर पाण्याचा तांब्या ठेवायचे. व्हायचं तेच झालं. एक दिवस तांब्या कलंडला, 'क'पासून 'त'पर्यंतची पानं फुगली आणि कोश आबांच्या मांडीवरून गौतमीच्या टेबलावर आला. तिनं पानं दोरीवर कपड्यांसारखी वाळवली, शिवण सोडवली, जुनी खळ खरवडली. आणि एका दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, कापड नाही पुरणार ह्याला. चामड्याची पाठ लागणार."

माझं लाटणं थांबलं. "तुला माहितीये ना?"

"माहितीये. पण त्यांनी सोडलं ते गळ्यात बांधलेलं काम. मी काय गावकी करतेय? मी कोशाला पाठ लावतेय."

"हेच आबांना सांग."

"सांगते की. आधी शिकते, मग सांगते. जमलंच नाही तर म्हाताऱ्या माणसाला उगाच कशाला दुखवायचं? आणि जमूनही त्यांनी हात लावला नाही तर..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि माझ्या ताटलीतली गरम पोळी उचलून घेऊन गेली.

तेवढीच भीती होती, तिला आणि मलाही. कोश सुंदर बांधून व्हायचा आणि आबांनी तो जन्मात उघडायचा नाही.

आबांना रोज सकाळी चौकशीची सवय. "आमचा पेशंट कसा हाय?"

"आयसीयूत आहे आबा. भेटायची वेळ संपली."

चामडं पुस्तकावर चढवायचं म्हणजे त्याच्या कडा आधी तासून तासून कागदासारख्या पातळ कराव्या लागतात, नाहीतर दुमडलेल्या जागी गाठीसारखा उंचवटा येतो. गौतमीनं हे मोबाईलवर कुठल्या परदेशी बाईचं बघितलं होतं. तिथे ती बाई लोणी काढल्यासारखं चामडं काढत होती. आमच्याकडे पुठ्ठा कापायच्या सुरीखाली ते च्युइंगमसारखं ताणलं जायचं. दौंडमध्ये कुणाला विचारायची सोय नव्हती. स्टेशनपासून बाजारापर्यंत अर्ध्या गावाला आबा नावानिशी ओळखतात. म्हणून तिनं शिरूर गाठलं. माहेर जवळ, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, जाण्याला निमित्त होतंच. एकदा मीही गेले तिच्याबरोबर, चौफुल्याला गाडी बदलून, न्हावऱ्याच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मागे.

शिरूरच्या बाजारात एका बोळाच्या तोंडाशी झुंबरबाई चपला शिवत बसते. नवऱ्याची जागा, आता तिची. पुढ्यात लाकडी पेटी, लोखंडी तिवई, पाण्याच्या डब्यात बुडवलेला दगड, आणि मांडीजवळ रापी. रापी म्हणजे पंख्यासारखं रुंद पातं आणि मुठीत मावेल असा दांडा. आम्ही दोघी समोर जाऊन उभ्या राहिलो तशी तिनं आमच्या पायांकडे बघितलं.

"कुठली तुटली?"

"चप्पल नाही मावशी. मला रापी चालवायला शिकायचंय," गौतमी म्हणाली.

"का? नवऱ्यानं सोडली व्हय?"

"नाही हो! पुस्तकाला चामडं लावायचंय."

"पुस्तकाला?" झुंबरबाईनं दात दाखवले. "पुस्तक काय चालत जानार हाय?"

"आमच्या आबांचं जातं मावशी. रोज सकाळपासून चालायला लागतं."

म्हातारीला हे उत्तर आवडलं असावं. तिनं पेटीवरचं पोतं झटकून गौतमीला जागा करून दिली. मला म्हणाली, "तू हुभीच ऱ्हा. तू काय शिकायच्या कामाची दिसत न्हाईस." मी उभी राहिले.

"आदी रापी पाजवायला शिक. कापायचं मागनं."

"पाजवायची म्हणजे?"

"धार लावायची गं. लेकराला कसं पाजतीस? तशी. हाय का लेकरू?"

"आहे, मुलगी आहे. चौथीत."

"मग ठावं हाय तुला. घाई केली की वकतंय. दाबून धरलं की ठसका लागतो. पानी दे, हळू दे, आन् त्वांड कुठल्या अंगाला हाय ते बघ."

गौतमीला हसू आलं, पण तिनं रापी घेतली ती मात्र खरंच बाळ घेतल्यासारखी, दोन्ही हातांनी. झुंबरबाईनं तिची बोटं पात्यावर नीट लावून दिली. पातं दगडावर जवळजवळ आडवंच ठेवायचं. पाठ उचलायची ती खालून गवताची काडी जाईल इतकीच. एकाच अंगानं घासत राहायचं. मग दुसऱ्या अंगाला बोटाला लागेल न लागेल अशी लव उठते. ती उठली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. आणि मग ती लवच काढून टाकायची, न्हाव्यासारखी चमोट्यावर, चामड्याच्या पट्टीवर घोटून. लव राहिली तर रापी चामडं कापत नाही, चावते.

कापायची वेळ आली तेव्हा गौतमीच्या हातून पहिल्याच झटक्याला तुकड्याला आरपार भोक पडलं.

"पाडली खिडकी," झुंबरबाई म्हणाली. "आता हितनं वारं यील."

दुसरं भोक पडलं. "आता दार बी झालं. भाडेकरू ठिव."

येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. भाजीच्या पाट्या घेतलेल्या दोघी तळेगाव ढमढेऱ्याच्या गाडीची वाट बघत होत्या, त्यांनी तर बूड टेकलं. गौतमीचे कान लाल झाले, पण ती उठली नाही. ह्या मुलीचं मला हेच आवडतं. तिला लाज वाटते, पण ती लाज तिला जागेवरून हलवत नाही.

असं ती जात राहिली. मोबदला म्हणून झुंबरबाईनं नातीची शाळेची सगळी पुस्तकं शिवून, पुठ्ठे घालून घेतली. आणि एक दिवस आपल्या सासऱ्याची जुनी रापी गौतमीच्या हातावर ठेवली. "घरी हात बसव. वाकडी हाय, पन गुनाची हाय. झालं की आनून दी."

रापी घरी आली, दगड मात्र आला नाही. आणि इथे गौतमीनं ती चूक केली जी आमच्यासारख्या घरातल्या सुनेशिवाय कुणी केली नसती.

माझ्याकडे पाटा आहे. आबांना मिक्सरची चटणी चालत नाही, तिला पाणी सुटतं म्हणतात, म्हणून संध्याकाळी मी लसणाची चटणी पाट्यावरच वाटते. छिन्नीनं पाट्याला टाकी लावणारी बाई गल्लीत येऊन बराच काळ लोटला होता, त्यामुळे पाटा कडेनं झिजून आरशासारखा गुळगुळीत झालेला. मी त्या कडेकडे बघून म्हणायचे, आता हिला टाकी लावायलाच हवी. गौतमी त्याच कडेकडे बघून काय म्हणत असेल ते मला फार उशिरा कळलं. दुपारी आबा विहारात गेले आणि मी जरा आडवी झाले की ती पाटा मोरीपाशी ओढायची आणि रापी पाजवायची. नंतर धुऊन जागच्या जागी. धुवायची चांगली, मी शपथेवर सांगते. पण मधल्या जुन्या टाक्यांच्या खळग्यांत बसलेला काळा गाळ दोन तांब्यांनी निघतो थोडाच?

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसलो होतो. आबांनी भाकरीचा तुकडा चटणीला लावला, तोंडात घातला आणि थांबले. मला वाटलं मीठ जास्त पडलं. त्यांनी चटणी बोटावर घेऊन नाकाशी नेली.

"पाट्यावर काय पाजवलं?"

पाजवलं. हाच शब्द. गौतमीच्या हातातली पळी आमटीच्या पातेल्यात तशीच राहिली.

"पाजवलं म्हणजे काय आबा?" भाऊंनी विचारलं.

"तिला ठावं हाय," आबा म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते.

गौतमी खोटं बोलू शकली असती. विळी म्हणाली असती तरी खपलं असतं. "रापी," ती म्हणाली. "कोशासाठी. शिरूरच्या एका चपला शिवणाऱ्या म्हातारीकडून आणलीय. तुमच्या कोशाला चामड्याची पाठ घालायचीय आबा. आज-उद्या सांगणारच होते."

"चामडं हाय घरात?"

"आहे. बकऱ्याचं. एवढंसं."

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भाकरी संपवली, चटणी ताटात तशीच ठेवली, हात धुतले. मग शांतपणे म्हणाले, "कोश हाय तसा सुतळीनं बांद आन् दे माजा मला."

तिनं दिला. पानं ओळीनं लावून, वर-खाली पुठ्ठा ठेवून, सुतळीनं बांधून. आबांनी तो उशाला ठेवला. दुसऱ्या दिवशी पेपर वाचला, पण कोश उघडला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जेवताना शब्द येईनासे झाले. "थोरले" अशी हाक आली की मी आशेनं बघायचे, तर मीठ मागत असायचे. आमटीच्या भुरक्यांचा आवाज इतका मोठा असतो हे मला तेव्हा कळलं.

गौतमी प्रोजेक्टांना पुठ्ठे चिकटवत राहिली. मी एकदा म्हटलं, "माफी माग की." ती म्हणाली, "कशाची मागू ताई? न सांगता केलं त्याची त्याच रात्री मागितली. 'बरं' म्हणाले. चामड्याची मागू? ती मनापासून येत नाही. खोटी मागितली तर त्यांना लगेच कळेल." तेही खरंच होतं.

शेवटी तिनं रापी परत द्यायचं ठरवलं. पण मागून आणलेलं हत्यार बोथट परत करायचं नाही, हे तिलाही ठाऊक होतं. म्हणून त्या दुपारी, लपूनछपून नाही, मागच्या अंगणात कपड्यांच्या दगडाशी बसून ती शेवटची धार लावायला लागली. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. मधल्या खोलीत आबा खाटेवर पडलेले. खर्र, खर्र, खर्र. आबांनी कूस बदलली. खर्र, खर्र. परत बदलली. मग उठून बसले.

"लई दाबतीया," ते म्हणाले.

"काय आबा?"

"दगडाला रडवतीया नुसती. तिला सांग."

"मला त्यातलं काय कळतंय? तुम्हीच सांगा की."

आबांनी माझ्याकडे जरा रागानंच बघितलं. मग भिंतीला हात लावत लावत मागच्या दाराशी गेले आणि पायरीवर बसले. मी ताट घेऊन दारामागे सरकले. तांदूळ काय, कुठेही निवडता येतात.

"पाठ खाली घे," आबा म्हणाले.

गौतमी दचकली. मग तिनं पाठ खाली घेतली.

"अजून. हां. आता वढ. ऐकू येतंय? सुस्स आलं पायजे. खर्र आलं की समजायचं चुकलं."

सुस्स आलं. एकदा आलं, मग परत खर्र झालं. आबांनी हात पुढे केला. गौतमीनं त्या हाताकडे बघितलं आणि रापी त्यावर ठेवली.

रूळ उचलून, गिट्टी ओढून आबांची बोटं जाड, वाकडी झालेली आहेत. पेपरचं पान उलटायला त्यांना थुंकी लागते. पण त्या बोटांत रापी गेली आणि बोटं एकदम हलकी झाली. पाण्याचा एक शिंतोडा, एक सुस्स. पाण्याचा शिंतोडा, सुस्स. बराच वेळ आम्ही तिघंही फक्त ते ऐकत होतो.

"माजा बाप गावची जनावरं वढायचा," आबा दगडाकडे बघतच म्हणाले. "कातडं काढायचा. मी धारेला बसायचो. येवढासा व्हतो. अंगाला वास ऱ्हायचा. शाळंत मास्तर खिडकीपाशी बसवायचं, म्हनायचं, वारं लागू दे ह्येला. मग आपल्या लोकांनी ठराव केला. झालं, बंद. बापानं सगळ्या सुऱ्या हिरीत टाकल्या. बाया-मानसं नाचली. मी बी नाचलो. आन् मागनं गंजीच्या आड जाऊन रडलो."

"का आबा?" गौतमीनं विचारलं. "बंद झालं म्हणून आनंद नाही झाला?"

"झाला की. त्या कामाचं मला कायबी आवडत नव्हतं गं. वास न्हाई, रगात न्हाई, पाटलाच्या शिव्या न्हाईत. पन धार लावायला आवडायचं." सुस्स. "तेवढंच आवडायचं. आन् त्येचीच लाज वाटायची. समदी मान वर करून चालल्याती, आन् ह्ये पोरगं सुरीसाठी रडतंय. सांगनार कुनाला?"

"आत्याबाईंना पण नाही?"

"तिला बी न्हाई."

गौतमीनं डोळे पुसले नाहीत की त्यांच्या पायाला हात लावला नाही. ती म्हणाली, "मग चटणी का टाकली ताटात? मला वाटलं, शिसारी आली तुम्हाला."

"शिसारी न्हाई. भ्यालो. वाटलं, अजून आवडतंय का काय आपल्याला."

त्यांनी पातं उलटं केलं, दुसऱ्या अंगाची लव तळहातावर घोटून काढली आणि रापी आपल्या अंगठ्याच्या नखावर टेकवली. ती तिथेच उभी राहिली, माशी बसावी तशी.

"घे. दिऊन ये म्हातारीला."

"देते," गौतमी म्हणाली. मग पातं पुसत म्हणाली, "आधी कोश करू का?"

आबांनी अंगणातल्या दोरीकडे बघितलं, जिथे मागे पानं वाळत घातली होती तिकडे. "चामड्याला मी हात लावनार न्हाई."

"नका लावू. धार तेवढी."

ते उठून आत गेले. दारामागे मी तांदळात तोंड घालून बसलेली; त्यांनी मला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. उशाचा कोश घेऊन परत आले आणि सुतळीसकट गौतमीच्या मांडीत ठेवला.

पुढचं काम दोघांनी पाठीला पाठ लावून केलं. हे मी शब्दशः सांगते आहे. पुढच्या खोलीत गौतमी खिडकीकडे तोंड करून बसायची, पुढ्यात फरशीचा तुकडा, त्यावर चामडं आतली बाजू वर करून. आबा तिच्यामागे दाराकडे तोंड करून, पुढ्यात माझा पाटा. चामडं त्यांना दिसायचं नाही. रापी बोथटली की गौतमी न बघता हात मागे करायची. आबा घ्यायचे, पाजवून परत त्या हातात ठेवायचे. झुंबरबाईचं लेकराला पाजायचं बोलणं तिनं त्यांना असंच पाठमोरं बसून सांगितलं. आबा मध्येच विचारायचे, "चावतीया का?"

"नाही आबा. चाललीये."

आणि चालली होती. कडेचं चामडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं वळून वर यायचं, खिडकीतल्या उजेडात आरपार बोट दिसायचं. खिडकी एकही पडली नाही. मग गौतमीनं कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून खळ शिजवली, चामडं भिजवून पाठीवर चढवलं, कोपऱ्यांना लावलं, हाडाच्या पट्टीनं चोळून चोळून बसवलं आणि कोश शिकंज्यात घातला.

तो वाळत होता तेव्हा ती रापी घेऊन शिरूरला गेली. झुंबरबाईनं रापी नखावर ठेवली आणि वर बघितलं.

"ही तुजी धार न्हाई गं. कुनी लावली?"

"सासऱ्यांनी."

"आमच्यातलं हायती का?"

"नाही मावशी. रेल्वेतले."

"रेल्वेत रापी असती व्हय?" मग तिनं ती परत गौतमीच्या पिशवीत टाकली. "ऱ्हाऊ दे तिकडंच. तिला चांगलं पाजनारं मानूस गावलंय. हितं मला आता दिसतंय कुठं."

कोश शिकंज्यातून काढला त्या सकाळी आम्ही सगळेच उगाच पुढच्या खोलीत घुटमळत होतो. गौतमीनं तो दोन्ही हातांनी आबांपुढे धरला. तपकिरी पाठ, कोपरे तपकिरी, बाकी निळं कापड. आबांचे हात मांडीवरच. त्यांनी त्या पाठीकडे बघितलं. मग वाकून वास घेतला.

"मोरचूद जास्ती झालं," आबा म्हणाले.

गौतमी हसली, आणि तिचं हसू मध्येच कुठेतरी ओलं झालं. तिनं कोश त्यांच्या मांडीवर ठेवला. आबांचा हात आधी निळ्या कापडावर आला. मग सरकत सरकत पाठीवर गेला, आणि तिथे थांबला. चामड्यावर.

थोड्या वेळानं त्यांनी कोश उघडला. पानं मागे टाकत 'प'पाशी गेले, बोट खाली खाली उतरवलं. "पाजणे," त्यांनी वाचलं. "एक, प्यावयास देणे. दोन, हत्यारास धार लावणे." चष्म्यावरून गौतमीकडे बघितलं. "एकच शब्द हाय. म्हातारी बराबर बोलली व्हती." खिशातून पेन्सिल काढून त्यांनी टिंब केलं. मग सवयीनं तांब्याकडे हात नेला, आणि थबकले. पानावरचा दुसरा हात त्यांनी हळूच उचलला. पान हललं नाही. कोश उघडाच राहिला, आपला आपण.

आबा त्याच्याकडे बघत बसले. मी डोळे पुसत स्वयंपाकघराकडे वळले, तेवढ्यात हाक आली.

"थोरले."

"काय आबा?"

"चटनी आता मिक्सरमदी करत जा. पाटा आमाला लागतोय."